न बोलणाऱ्या देवळाचा सौदा

चेन्नईच्या मैलापुरात, देवळाच्या तळ्यापासून थोडं आत, एका नारळवाल्याच्या वखारीला लागून एक बैठी इमारत आहे. नवख्या माणसाला ती शाळा वाटते, नाहीतर बंद पडलेला दवाखाना. वर ना क्रूस, ना कळस, ना घंटा. रिक्षावाल्याला 'क्वेकर मीटिंग हाउस' म्हणून सांगितलं तर तो मान डोलावून भलतीकडेच नेऊन सोडतो. 'पेसाद कोविल' म्हटलं की मात्र बरोबर दारात उभा करतो. पेसाद कोविल म्हणजे न बोलणारं देऊळ.

इंग्रजी अमदानीत कोणा घड्याळांच्या व्यापाऱ्यानं ते बांधलं. तो क्वेकर होता. या ख्रिस्ती पंथात पाद्री नसतो, प्रवचन नसतं, भजनं नसतात. रविवारी सकाळी माणसं येतात, समोरासमोर मांडलेल्या सागवानी बाकांवर बसतात आणि तासभर गप्प राहतात. कोणाला आतून अगदीच राहवेना झालं तर त्यानं उठून दोन शब्द बोलावेत. नाही वाटलं तर शेवटी शेजाऱ्याशी हात मिळवून घरी जावं. चुन्याच्या गिलाव्याच्या भिंती अशा घोटलेल्या की त्यात बसलेल्या माणसांची अंधूक सावली दिसायची. एकेकाळी बाकं पुरत नसत म्हणे. दोन हजार सहा साली, ही गोष्ट घडली तेव्हा, बाकं भरपूर होती आणि माणसं मोजकी.

त्यांचा कारभार बघायच्या ग्रेस टीचर. गणित शिकवून निवृत्त झालेल्या तमिळ ख्रिश्चन बाई, पंथाच्या पद्धतीप्रमाणे सभेच्या चिटणीस. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. पाहुण्यानं विचारलं, 'कॉफी कशी झालीय?' तर त्या खरंच सांगायच्या. त्यामुळे त्यांना कॉफीला बोलावणारी घरं कमी होत गेली होती.

आणि दुसऱ्या राजसबाई. या तंजावरी मराठी. यांचे पूर्वज तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत उतरले ते तिथलेच झाले. राजसबाई ख्रिश्चन नव्हत्या, तरी सभेच्या सभासद होत्या. रविवारी सकाळी कपालीश्वराचं दर्शन घेऊन, कपाळावर कुंकू तसंच ठेवून त्या तडक इथल्या बाकावर येऊन बसत. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली होती. कानाला हेडफोन लावून आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं जोडून दिलं. "एक तास कोणी कोणाशीं बोलत नाहीं, अशी जागा मज देवळांतही मिळाली नाहीं," असं त्या म्हणत. गंमत अशी, की तो तास सोडला तर राजसबाईंचं तोंड कधी मिटलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

या जागेवर टी. नगरातल्या एका साडीवाल्या मुदलाळींचा डोळा होता. मुदलाळी म्हणजे मालक. यांचं नाव पळनियप्पन. पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, बोटांत पुष्कराज, आणि सुरतेहून माल आणता आणता शिकलेली मोडकीतोडकी पण धीट हिंदी. त्यांना मैलापुरात शाखा काढायची होती. इमारत पाडून तीनमजली दुकान बांधायचं, आणि या म्हाताऱ्या मंडळींना तिसऱ्या मजल्यावर एसी खोली द्यायची. "वहाँ बैठो, चुप बैठो, ठंडे में बैठो," असं ते म्हणायचे. त्यांच्या मते यात कोणाचंच नुकसान नव्हतं.

हे काम त्यांनी सोपवलं हेरंब खांबेटेवर. हेरंब मूळचा मिरजेचा. पुण्यात एमबीए करताना मुदलाळींचा मुलगा त्याच्या वर्गात होता, त्या ओळखीनं तो चेन्नईला आला. तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांना खोल्या भाड्यानं देणाऱ्या इमारतीत राहायचा. गोड बोलून कोणाकडूनही 'हो' काढून घ्यायचं, हा त्याचा एकच गुण, पण तो मराठीत आणि हिंदीत. तमिळमध्ये त्याला जेमतेम भात मागता यायचा.

पोंगल झाल्यावर एका रविवारी तो फाइल घेऊन पेसाद कोविलच्या दारात उभा राहिला. दारातच राजसबाई चपला काढत होत्या.

"एक्स्क्यूज मी, मॅडम, मला चिटणिसांना भेटायचंय," तो इंग्रजीत म्हणाला. मग बॅगेचा पट्टा तुटला तसा स्वतःशीच पुटपुटला, "च्यायला, हा पण आत्ताच तुटायचा होता!"

राजसबाईंचे डोळे चमकले. "मराठी का रे तूं? पट्टा मग शिव. आधीं बैस, मग बोल."

दक्षिणेत येऊन त्याला पहिल्यांदाच कोणीतरी मराठीत रागावलं होतं, आणि तेही पेशवाईतून उठून आल्यासारख्या मराठीत. तो मुकाट्यानं आत गेला.

पहिला तास हेरंबला आयुष्यभर पुरेल असा गेला. पाच मिनिटांत नाक खाजलं. दहा मिनिटांत लक्षात आलं की मोबाइल बंद केलेला नाही, आणि पुढचा सगळा वेळ तो आईचा फोन येऊ नये म्हणून गणपतीला विनवत राहिला. समोरच्या बाकावर डॉक्टर सत्यनेसन नावाचे जुने गुरांचे डॉक्टर डोळे मिटून बसले होते. ते ध्यानात आहेत की झोपेत, हे ओळखायची काही सोय नव्हती. त्यांच्याजवळ सॅम्युअल आडनावाच्या दोघी बहिणी, पलीकडे राजसबाईंचे चुलतभाऊ राघोत्तमराव, रेल्वेतून निवृत्त झालेले. राघोत्तमराव बाकाच्या एका टोकाला अंग चोरून बसले होते, कारण मधल्या जागेवर वरचं छत गळायचं.

तास संपला, हात मिळवणं झालं, आणि हेरंबनं फाइल उघडली. त्यानं आराखडा दाखवला, लिफ्ट दाखवली, एसी खोली दाखवली. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"छान," हेरंब म्हणाला. "मग हात वर करून मत घेऊ या?"

"आमच्यात मतदान नसतं," ग्रेस टीचर म्हणाल्या.

"मग बहुमत कसं कळतं?"

"बहुमत नसतंच. सगळ्यांना पटलं तर ठरतं. एकालाही मनापासून पटलं नाही, तर थांबतो."

"किती दिवस थांबता?"

ग्रेस टीचरांनी खरं तेच सांगितलं. "गेटला रंग कुठला द्यायचा, यावर अजून थांबलोय. मी तेव्हा कॉलेजात होते."

गेट गंजून तपकिरी झालं होतं. हेरंबनं ते येतानाच पाहिलं होतं.

हे सगळं त्यानं मुदलाळींना जाऊन सांगितलं. मुदलाळी हसले. पाच-सहा म्हाताऱ्यांना राजी करायला काय लागतं! "तू हर संडे जाओ. उनके साथ बैठो. आदमी साथ बैठा, तो आपला हुआ," ते म्हणाले. धंद्यातला हा त्यांचा अनुभव होता आणि तो खोटा नव्हता. फक्त कोण कोणाचा होणार, एवढाच प्रश्न होता.

हेरंब दर रविवारी जाऊ लागला. महिन्यातून एकदा, गप्प बसण्यानंतर, कामकाजाची सभा व्हायची. राघोत्तमराव पहिल्यापासून विकण्याच्या बाजूचे. एक तर गळकं छत, दुसरं म्हणजे गुडघे, आणि तिसरं म्हणजे राजसबाई विरुद्ध होत्या. डॉक्टर सत्यनेसन म्हणाले, आपण किती दिवस पुरणार, योग्य ते करा. सॅम्युअल बहिणींना लिफ्टची भीती वाटायची, पण एसीची ओढ होती. ग्रेस टीचर आपलं मत सांगत नसत. प्रस्ताव त्यांनीच सभेपुढे मांडला होता, तेव्हा त्या विकायच्याच बाजूच्या असणार, असं सगळे धरून चालले होते.

राहिल्या राजसबाई. 'मला नको' एवढं म्हणून या सभेत भागत नाही. कारण पटण्याजोगं लागतं. राजसबाई दर महिन्याला एक कारण घेऊन यायच्या. एकदा त्यांनी परसातल्या कडुलिंबाची बाजू मांडली. त्यावर दोन महिने गेले, मग मुदलाळींनी झाड राखायचं कबूल केलं. मग आवारात पुरलेल्या एका इंग्रज बाईचा विषय निघाला. शोध घेतला तेव्हा ती बाई नव्हती, घोडी होती. डॉक्टर सत्यनेसनांनी हाडांवरून तसं ठामपणे सांगितलं.

चहा पिताना हेरंबनं राजसबाईंना गाठलं. "आजी, तुम्ही मुद्दाम करताय ना हे?"

"अय्यो, मुद्दाम कां करीन? मज जें सुचतें तें सांगतें. सुचतें मात्र फार, त्यास मी काय करूं?" त्यांनी त्याच्या हातावर मुरुक्कू, म्हणजे तिकडची चकली, ठेवला. "तूं जेवतोस की नाहीं नीट? गाल बसले रे तुझे."

यानंतर त्या रविवारी त्याला घरी जेवायला नेऊ लागल्या. त्याला घरच्यासारखं आंबट वरण मिळू लागलं आणि तंजावरकरांनीच सांबार कसं जन्माला घातलं, याची हकिगतही दर वेळी नव्या तपशिलांसह मिळू लागली.

आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढाच्या सुमारास, राजसबाईंनी नवं कारण काढलं. एसीची घरघर चालू असताना जी शांतता असते, तिला शांतता म्हणायचं का? सभेला हा प्रश्न खरोखरीच विचार करण्याजोगा वाटला. ग्रेस टीचर म्हणाल्या, "बसून बघितल्याशिवाय कसं सांगणार?" हेरंबला वाटलं, हीच संधी. मुदलाळींच्या टी. नगरच्या दुकानातही तिसऱ्या मजल्यावर अशीच एक खोली होती. एक रविवार तिथे बसून पाहायचं ठरलं.

आडी म्हणजे तमिळनाडूत सेलचा महिना. त्या रविवारी टी. नगरच्या रस्त्यावर माणूस पायानं चालत नव्हता, लोंढ्यानं वाहत होता. म्हातारी मंडळी एकमेकांचे हात धरून लोंढ्यात शिरली आणि दुकानाच्या दारात बाहेर पडली, तेव्हा डॉक्टर सत्यनेसनांच्या हातात कोणाचीतरी पिशवी होती आणि त्यांची छत्री कोणाकडेतरी गेली होती. राघोत्तमरावांनी लिफ्टनं तिसरा मजला गाठला, मग पुन्हा खाली आले आणि पुन्हा वर गेले. गुडघ्यांना कसं वाटतं ते नीट बघायचं होतं, असं त्यांनी सांगितलं.

खोली थंडगार होती. सगळे खुर्च्यांवर बसले, डोळे मिटले. पाचच मिनिटांत दार ढकलून एक विक्रेता आत आला. एवढी गिऱ्हाइकं आणि साडी दाखवायला कोणी नाही, हे त्याला बघवलं नाही. त्यानं मधे अंथरलेल्या गादीवर फटाफट कांजीवरम उलगडायला सुरुवात केली. कोणी काही बोलेना. गिऱ्हाईक गप्प, म्हणजे माल पसंत नाही, असं समजून त्यानं आणखी वरचा माल काढला. भिंतीवरच्या भोंग्यातून घोषणा झाली, एक हरवलेलं मूल दुसऱ्या मजल्यावर पट्टूच्या, म्हणजे रेशमी साड्यांच्या, विभागात रडत होतं. विक्रेता घामाघूम झाला, पण हरला नाही. अर्ध्या तासात त्यानं जरीचा डोंगर उभा केला आणि थकून त्याच्याच पायथ्याशी मांडी घालून बसला. तेव्हा धाकटी सॅम्युअल उठून उभी राहिली. आत्म्यानं सांगितल्याशिवाय कोणी उठत नाही, म्हणून सगळ्यांनी डोळे उघडले.

"ती मोरपिशी," ती म्हणाली, "जरा उजेडात दाखवा."

सभा तिथेच संपली. दोघी बहिणींनी साड्या घेतल्या. त्या विक्रीचं मुदलाळींना फार कौतुक वाटलं. एसीबद्दल राघोत्तमराव म्हणाले की घरघर अजिबात जाणवली नाही. आणि राजसबाईंनाही मान्य करावं लागलं की घरघर ही या गोंधळातली सगळ्यात शांत गोष्ट होती.

राजसबाईंची कारणं संपली होती.

हेरंबनं ही बातमी दिली तशी मुदलाळींनी जोतिष्याला बोलावलं. आडी संपून आवणी लागल्यावरचा एक रविवार निघाला. दुपार उत्तम होती, फक्त साडेचारला राहुकाळ लागत होता. त्याच्या आत होकार तोंडातून बाहेर पडला पाहिजे. मुदलाळींनी सांगून त्या महिन्याची सभा दुपारी ठेवायला लावली आणि तिला स्वतः हजर राहायचं ठरवलं. क्वेकरांचीही ना नव्हती, कोणीही येऊन बसावं.

त्या दिवशी ते म्हैसूरपाकाचा मोठा डबा, फळांचं ताट आणि तांबूल घेऊन आले आणि हेरंबच्या शेजारी बाकावर बसले. घड्याळ समोरच होतं. सभेची सुरुवात अर्थातच शांततेनं झाली. मुदलाळींना वाटलं, मिनिटभर डोळे मिटतील. ती शांतता त्यांनी घड्याळात बघत, मग छताकडे बघत, मग हेरंबकडे रोखून बघत काढली. चार वाजायला आले तेव्हा कुठे ग्रेस टीचरांनी चष्मा लावला आणि ठराव वाचला.

"राघोत्तमराव?"

"पटलं."

"डॉक्टर?"

डॉक्टर सत्यनेसन जागे होते. "सभेला पटलं तर मलाही."

बहिणींनी माना हलवल्या. दोघींनी मोरपिशी नेसल्या होत्या.

"राजसबाई?"

राजसबाई उठल्या. "माझ्याजवळ आता कारण उरलेलं नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मी आड येणार नाही." मुदलाळी आनंदानं डब्याची दोरी सोडू लागले. "मला फक्त एक विचारायचंय, टीचर. इथे दर रविवारी नेमानं येऊन बसणारा, पण सभासद नसलेला माणूस असला, तर त्याचंही मन बघायची आपली रीत आहे ना?"

"रीत आहे," ग्रेस टीचर म्हणाल्या.

"मग हा मुलगा आठ महिने बसतोय."

हेरंबला आधी कळेचना की बोलणं आपल्याबद्दल चाललंय. मुदलाळींना मात्र लगेच कळलं आणि ते खूश झाले. आपलाच माणूस! त्यांनी हेरंबच्या पाठीवर थाप मारली. "बोलो, बोलो, हाँ बोलो. टाइम हो रहा है."

ग्रेस टीचरांनी चष्म्यातून हेरंबकडे पाहिलं. "मिस्टर खांबेटे, कंपनीचं नको. तुमचं स्वतःचं मन या गोष्टीला मोकळेपणानं हो म्हणतं का? सावकाश सांगा."

हेरंब 'हो' म्हणण्यासाठीच उठला. ते त्याच्या जिभेवर तयार होतं. आजवर त्यानं हजार वेळा, मनात असो नसो, 'हो' म्हटलं होतं, लोकांकडूनही म्हणून घेतलं होतं. पण या खोलीत आठ महिन्यांत त्यानं एकाही माणसाला उगाच बोलताना ऐकलं नव्हतं. डोळे मिटून सगळे त्याच्या उत्तराची वाट बघत होते, आणि त्यांना खरंच काही घाई नव्हती. माणसाला एवढा वेळ दिला की भलतंच काहीतरी सापडतं. घड्याळाचा काटा सरकला. मुदलाळींनी त्याच्या शर्टाचं टोक ओढलं. तरी तो उभाच.

"मला तमिळ येत नाही," तो शेवटी म्हणाला. "आठवडाभर मी या शहरात मुका असतो. बसमध्ये, मेसमध्ये, दुकानात. सगळे बोलतात आणि मी एकटा गप्प. इथे रविवारी सगळेच गप्प असतात. या एका तासात मी कोणापेक्षा कमी नसतो." त्यानं शर्टाचं टोक सोडवून घेतलं. "माझं मन हो म्हणत नाही. सॉरी, सर. आत्ताच कळलं मला."

मुदलाळींना एवढं इंग्रजी झेपलं नाही, पण 'सॉरी' कळलं आणि त्यामागचं सगळंच कळलं. ते ताडकन उठले. हिंदी एवढ्या रागाला पुरेना, तेव्हा त्यांची तमिळ सुटली. त्या भिंतींनी सव्वाशे वर्षांत तसलं काही ऐकलं नसेल. माझं मीठ खाऊन हा माझ्याच ताटात माती कालवतो! आठ महिने पगार देऊन मी याला बाकावर बसवला! त्यापेक्षा गाढव पाळलं असतं तर ओझं तरी वाहिलं असतं!

हेरंबनं हवालदिल होऊन राजसबाईंकडे पाहिलं. "काय म्हणतायत?"

"म्हणतात, तूं आठ महिने इथें बसलास, याचें त्यांस फार आश्चर्य वाटतें."

"कळुदै म्हणाले ना? कळुदै म्हणजे गाढव. तेवढं येतं मला."

"हो, म्हणाले. जनावरांवर त्यांचा जीव दिसतो."

"राजसबाई," ग्रेस टीचर म्हणाल्या. फक्त एवढंच.

"सरी, सरी, बरें. तुज शिव्या देताहेत रे, बाळा. पण फार वाईट नाहींत. आमचे काका याहून बऱ्या देत."

ग्रेस टीचरांनी मग मान खाली घातली. इथे आवाज चढला की भांडत नाहीत, गप्प बसतात. सगळ्यांनीच माना खाली घातल्या. मुदलाळी एकटेच बोलत राहिले, आणि समोर उत्तर देणारं कोणी नसलं की शिव्यांचा जोर टिकत नाही. आवाज उतरत उतरत गेला. शेवटचं वाक्य तर त्यांनी जवळजवळ विचारल्यासारखंच म्हटलं. मग ते बसले. घड्याळाकडे पाहिलं, राहुकाळ लागला होता.

आता 'हो' मिळून तरी काय उपयोग! त्यांनी फळांचं ताट उचललं, पण म्हैसूरपाकाचा डबा तिथेच सोडला. अशा वेळी गोड परत नेलं तर घरात काय शिरेल कोण जाणे. ग्रेस टीचरांनी ठरावाखाली लिहिलं की सभेचं मन एक झालेलं नाही, आपण थांबतो. राघोत्तमराव रुसून म्हैसूरपाक खात बसले.

सगळे गेल्यावर ग्रेस टीचर आणि राजसबाई मागच्या ओट्यावर पेले विसळत होत्या. राजसबाईंना जरा टोचत होतं.

"टीचर, मी खोटं काही बोलले नाही हां," त्या तमिळमध्ये म्हणाल्या.

"भाषांतर सोडलं तर, नाही," ग्रेस टीचर म्हणाल्या. "पण ती रीत तुला नीट माहीत नव्हती. बाहेरच्याला विचारलंच पाहिजे असं नाही. चिटणिसाला वाटलं तर विचारावं, असं आहे."

राजसबाईंनी पेला खाली ठेवला. "म्हणजे तुम्हाला वाटलं?"

"मला वाटलं."

"म्हणजे तुम्हालाही विकायचं नव्हतं! मग आठ महिने बोलला का नाहीत? मी घोडी काय उकरली, कडुलिंब काय!"

"मला कोणी विचारलं नाही," ग्रेस टीचर शांतपणे म्हणाल्या आणि फडकं वाळत घातलं.

सोमवारी हेरंब राजीनाम्याच्या तयारीनं दुकानात गेला. मुदलाळींनी त्याला काढलं नाही. मुलाचा मित्र, म्हणून रस्त्यावर घालता येत नव्हता, आणि तोंडासमोर नको होता. त्यांनी त्याला तळमजल्यावर तक्रारींच्या काउंटरवर बसवलं. त्या काउंटरवर आजवर कोणी महिनाभरही टिकलं नव्हतं. रंग गेलेल्या, आटलेल्या, जर काळवंडलेल्या साड्या घेऊन बायका यायच्या आणि तमिळमधून आग ओकायच्या. हेरंबला काही कळत नसे. तो समोर बसून नीट, शेवटपर्यंत ऐकायचा. मधे बोलत नसे, कारण बोलणार काय! बाई दमायच्या, पाणी मागायच्या आणि बऱ्याचदा साडी तशीच घेऊन, 'पोरगा गुणाचा आहे' म्हणत निघून जायच्या. दिवाळीपर्यंत मुदलाळींनी त्याचा पगार वाढवला, कारण सांगितलं नाही.

दुकानाला मैलापुरातच दुसरीकडे जागा मिळाली. पेसाद कोविलचं छत मात्र गळतच होतं, आणि ईशान्येचा पाऊस तोंडावर आला होता. हेरंबनं गोदामात जुन्या जाहिरातीचा एक भलामोठा व्हिनाइलचा फलक पाहून ठेवला होता. इथे पावसाळ्यात निम्म्या शहराची छपरं असल्याच फलकांनी झाकलेली असतात. त्यानं तो मागितला. मुदलाळींनी आधी तो केवढा आहे ते विचारलं. मग म्हणाले, "ले जाओ. लेकिन फोटो ऊपर. बाजूवाले फ्लॅट से दिखना मंगता."

फलकावर नवरी होती. लाल कांजीवरम, कमरपट्टा, नथ, दंडात वाकी, आणि ओठ एवढे की एकेक हातभर. साधेपणा हे ज्यांचं ब्रीद, त्यांच्या डोक्यावर ती निजणार. अंगणात ती उलगडली तेव्हा सभेनं तिच्याभोवती उभं राहून तिला नीट पाहिलं.

"पालथी घालावी," डॉक्टर सत्यनेसन म्हणाले.

"ज्यानं दिली त्याची अट मोडायची?" राघोत्तमराव म्हणाले. "ते खरेपणाला धरून नाही."

"मग त्यांना आधी सांगून पालथी घालू."

"पालथी घातली तर छपाईचा रंग छताला लागेल," थोरली सॅम्युअल म्हणाली.

ग्रेस टीचर ओसरीवर बसल्या. "आपण यावर थोडं शांत बसू," त्या म्हणाल्या.

नवरीच्या चारी बाजूंनी खुर्च्या मांडल्या गेल्या. हेरंबनं आभाळाकडे पाहिलं. समुद्राकडून काळंभोर भरून येत होतं आणि वारा सुटला होता. त्यानं राजसबाईंच्या कानाशी वाकून विचारलं, "आजी, आज तरी लवकर ठरेल ना?"

"ठरेल कीं," राजसबाई डोळे मिटून म्हणाल्या. "पण मज आत्तां एक कारण सुचलें आहे."